दूरच्या सर्व्हरवरचे कंटेनर एसएसएचमार्गे सांभाळताना : नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त खोक्यांत चालवण्याचे साधन, शिकताना सुरुवातीचे काही आठवडे सगळे काम एकाच यंत्रावर चाललेले असते. लॅपटॉपवर कमांड टंकली की कंटेनर लॅपटॉपवरच उभा राहतो आणि त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो दिसतो. प्रत्यक्ष वापरातली प्रणाली हाती आली की मात्र कंटेनर मुंबईतल्या किंवा सिंगापूरमधल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतात, कमांड देणारा साताऱ्यात किंवा नाशकात बसलेला असतो आणि या दोघांना जोडणारा धागा म्हणजे एसएसएच, दूरच्या यंत्रावर सांकेतिक जोडणीतून कमांड देण्याची सोय. अशा वेळी प्रत्येक कमांडआधी स्वतःला विचारावे लागते की, आता जे होणार आहे ते नेमके कोणत्या यंत्रावर होणार आहे. नवशिक्यांच्या ज्या अडचणी मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक या एकाच प्रश्नाचे चुकीचे उत्तर गृहीत धरल्यामुळे आलेल्या होत्या. म्हणून या लेखात पायऱ्या सांगताना तो प्रश्न मी सतत सोबत ठेवला आहे.

लिखाणाबद्दल एक सूचना. येथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या असतात. जेथे मोठे अक्षर लागते, तेथे तसे सांगितले आहे. उदाहरण म्हणून एका सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकसूची घेतली आहे. तिच्यात दोन कंटेनर आहेत : ‘वेब’ नावाचा एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा आणि ‘डेटा’ नावाचा पोस्टग्रेस या डेटाबेसचा. सर्व्हरवर उबुंटू आहे आणि डॉकर इंजिन आधीच बसवलेले आहे, असे धरून चालू.

आधी रचना समजून घ्यावी

डॉकर हा एकच प्रोग्रॅम नाही. टर्मिनलमध्ये आपण जी ‘डॉकर’ कमांड टंकतो तो क्लायंट असतो. तो स्वतः कंटेनर चालवत नाही, फक्त निरोप पोहोचवतो. निरोप घेऊन प्रत्यक्ष काम करतो तो ‘डॉकरडी’ हा पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्रॅम, ज्याला डीमन म्हणतात. इमेज (कंटेनरचा साचा) उतरवून घेणे, कंटेनर उभा करणे, व्हॉल्यूम (विदा टिकवण्याची जागा) जपणे आणि लॉग साठवणे ही सगळी त्याची कामे आहेत. लिनक्सवर हा डीमन ‘/व्हार/रन/डॉकर.सॉक’ या सॉकेट फाइलवर निरोपाची वाट पाहत असतो. क्लायंट आणि डीमन एकाच यंत्रावर असलेच पाहिजेत, असे कोणतेही बंधन नाही. आपला पुढचा सगळा खटाटोप याच गोष्टीवर उभा आहे.

डीमनपर्यंत दुरून पोहोचण्याची एक वाट अनेक जुन्या लेखांत सापडते : डीमनला टीसीपीच्या २३७५ क्रमांकाच्या पोर्टवर उभे करायचे आणि लॅपटॉपवरून थेट त्याच्याशी बोलायचे. ही वाट इंटरनेटवरच्या सर्व्हरसाठी कधीही वापरू नये. या पोर्टवर ना सांकेतिकीकरण असते, ना ओळख विचारली जाते. जो कोणी डीमनशी बोलू शकतो, तो सर्व्हरची संपूर्ण मूळ डिरेक्टरी एखाद्या कंटेनरमध्ये जोडून घेऊन रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने वाटेल ते वाचू आणि बदलू शकतो. असे उघडे पोर्ट हुडकत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड चालू असतात आणि सापडलेल्या सर्व्हरवर परस्पर क्रिप्टो चलनाचे खाणकाम सुरू केले जाते. टीएलएस प्रमाणपत्रांसह २३७६ पोर्ट वापरण्याची सोय आहे आणि ती सुरक्षितही आहे. पण प्रमाणपत्रे काढणे, वाटणे आणि मुदत संपण्याआधी बदलणे हा व्याप एका-दोघांच्या चमूला परवडत नाही. एसएसएच मात्र सर्व्हरवर आधीपासूनच चालू असते.

एसएसएचचा जन्म १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठात झाला. विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी चोरून ऐकून पासवर्ड गोळा केले होते आणि त्यावरचा उपाय म्हणून तातू यलोनेन यांनी ही सांकेतिक जोडणी तयार केली. १९९९ साली ओपनबीएसडी प्रकल्पातून ओपनएसएसएच बाहेर आले आणि आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तेच असते. डॉकर २०१३ साली लोकांसमोर आला. परंतु क्लायंटने थेट एसएसएचमधून डीमनशी बोलण्याची सोय १८.०९ या आवृत्तीत, म्हणजे २०१८च्या अखेरीस मिळाली. याहून जुनी आवृत्ती दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रावर असेल, तर आधी ती बदलावी.

पहिली पायरी : किल्ल्यांची जोडी

लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ही कमांड द्यावी. तिच्यातून दोन फाइली तयार होतात. एक खासगी किल्ली, जी लॅपटॉपबाहेर कधीही जाऊ द्यायची नाही. दुसरी सार्वजनिक किल्ली, जिच्या नावाच्या शेवटी ‘.पब’ असते आणि जी सर्व्हरवर ठेवायची असते. कमांड मध्येच सांकेतिक वाक्य मागते. ते रिकामे सोडू नये, कारण लॅपटॉप हरवला तर किल्ली आणि कुलूप यांच्यामध्ये तेवढाच अडसर उरतो. दर वेळी वाक्य टंकण्याचा त्रास ‘एसएसएच-एजंट’ वाचवतो. दिवसातून एकदा ‘एसएसएच-अ‍ॅड’ दिले की पुढचे तो पाहतो. डॉकरसाठी तर एजंट सोयीचाच नव्हे, जवळपास आवश्यकच आहे, कारण क्लायंट पडद्यामागे एसएसएच चालवतो तेव्हा पासवर्ड विचारायला तो थांबत नाही.

सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पोहोचवण्यासाठी ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ही कमांड असते. पहिल्यांदा जोडणी करताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ, पडद्यावर येते आणि पुढे जायचे का, असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचता ‘यस’ टंकतात. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर सहसा ब्राउझरमधले कन्सोल मिळते. त्यातून सर्व्हरवर शिरून ‘एसएसएच-कीजेन -एल -एफ’ आणि पुढे ‘/ईटीसी/एसएसएच’ डिरेक्टरीतील सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीचे नाव दिले की तोच ठसा तेथे दिसायला हवा. दोन्ही जुळले तरच होकार द्यावा. दोन मिनिटांचे काम आहे आणि आयुष्यात एका सर्व्हरसाठी एकदाच करावे लागते. पुढे कधी ‘यजमानाची ओळख बदलली आहे’ अशा अर्थाचा मोठा इशारा आला आणि आपण सर्व्हर नव्याने उभा केलेला नसेल, तर तेथेच थांबून कारण शोधावे. इशारा घालवण्यासाठी जुनी नोंद पुसून टाकू नये.

दुसरी पायरी : वेगळा वापरकर्ता आणि बंद दारे

रोजच्या कामासाठी रूट वापरू नये. वेगळा वापरकर्ता तयार करून त्याला ‘डॉकर’ गटात घालावे. त्यासाठी ‘सुडो यूजरमॉड -एजी डॉकर’ आणि पुढे वापरकर्त्याचे नाव द्यावे, ज्यात ए छोटा आणि जी मोठा असतो. यातील ए विसरला, तर वापरकर्ता आधीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर फेकला जातो, ‘सुडो’च्या गटातूनही. गट लागू होण्यासाठी एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे लागते. हे न केल्यामुळे ‘परमिशन डिनाइड’ पाहून गोंधळलेले बरेच जण असतात.

‘डॉकर’ गटातला वापरकर्ता हा व्यवहारात रूटच असतो, कारण वर सांगितलेली मूळ डिरेक्टरी जोडून घेण्याची युक्ती त्यालाही करता येते. तेव्हा या गटात कोणाला घ्यायचे हा निर्णय रूटचा पासवर्ड कोणाला द्यायचा, इतक्याच गांभीर्याने घ्यावा.

किल्लीने लॉगिन होऊ लागले की ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’ मध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ आणि ‘परमिटरूटलॉगिन’ या दोन्हींपुढे ‘नो’ लिहावे. उबुंटूवर ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या उपडिरेक्टरीतल्या एखाद्या फाइलमध्ये वेगळी किंमत लिहिलेली असली, तर तीच लागू होते, म्हणून तीही उघडून पाहावी. बदल केल्यावर ‘सुडो एसएसएचडी -टी’ने फाइल तपासावी, मगच सेवा पुन्हा सुरू करावी. हे सगळे करताना चालू असलेली जोडणी बंद करायची नाही. दुसऱ्या टर्मिनलमधून नवे लॉगिन करून पाहावे. ते झाले, तरच पहिले बंद करावे. चालू जोडणी हाताशी असली की झालेली चूक लगेच दुरुस्त करता येते, नसली तर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभे राहावे लागते.

तिसरी पायरी : सर्व्हरला नाव देणे

लॅपटॉपवरच्या ‘.एसएसएच’ डिरेक्टरीत ‘कॉन्फिग’ नावाची फाइल असते. नसेल तर तयार करावी. तीत ‘होस्ट’पुढे आपण निवडलेले छोटे नाव, ‘होस्टनेम’पुढे सर्व्हरचा पत्ता, ‘यूजर’पुढे वापरकर्ता आणि ‘आयडेंटिटीफाइल’पुढे खासगी किल्लीची जागा लिहावी. आपल्या उदाहरणात चाचणीचा सर्व्हर ‘ग्रंथ-चाचणी’ आणि प्रत्यक्ष वापराचा ‘ग्रंथ-मुख्य’ अशी दोन नावे ठेवू. यानंतर ‘एसएसएच ग्रंथ-मुख्य’ एवढे टंकले की आत जाता येते. डॉकरचा क्लायंट जोडणीसाठी आपलीच ‘एसएसएच’ कमांड वापरतो, त्यामुळे ही नावे त्यालाही कळतात.

याच फाइलमध्ये आणखी तीन ओळी घालाव्यात, असा माझा आग्रह आहे : ‘कंट्रोलमास्टर ऑटो’, ‘कंट्रोलपाथ’पुढे एका सॉकेट फाइलची जागा आणि ‘कंट्रोलपर्सिस्ट’पुढे दहा मिनिटांसारखी मुदत. यांमुळे एकदा झालेली जोडणी पुढच्या कमांडसाठी पुन्हा वापरली जाते. वेग वाढतो हा एक लाभ. पण खरे कारण वेगळे आहे. डॉकर कंपोज, म्हणजे एका फाइलवरून अनेक कंटेनर एकत्र चालवणारे साधन, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडू पाहतो आणि ओपनएसएसएच ओळख न पटलेल्या जोडण्या दहाच्या वर गेल्या की त्यांतल्या काही यदृच्छेने नाकारू लागते. मग एकच कमांड कधी चालते आणि कधी ‘कनेक्शन क्लोज्ड’ म्हणून कोलमडते, आणि माणूस इंटरनेट सेवेला दोष देत बसतो.

चौथी पायरी : काँटेक्स्ट

काम करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत एसएसएचने सर्व्हरवर जाऊन तेथेच डॉकरच्या कमांड द्यायच्या. ती सोपी आहे, तिच्यात यंत्राबद्दल गोंधळ होत नाही, आणि पहिला महिनाभर तीच वापरावी. दुसरीत क्लायंट लॅपटॉपवर राहतो आणि डीमन सर्व्हरवर. त्यासाठी २०१९ सालच्या १९.०३ आवृत्तीपासून काँटेक्स्टची सोय आहे. काँटेक्स्ट म्हणजे कोणत्या डीमनशी बोलायचे याची नाव दिलेली नोंद.

‘डॉकर काँटेक्स्ट क्रिएट मुख्य --डॉकर होस्ट=एसएसएच://ग्रंथ-मुख्य’ ही कमांड दिली की ‘मुख्य’ नावाचा काँटेक्स्ट तयार होतो. चाचणीच्या सर्व्हरसाठी तसाच ‘चाचणी’ नावाचा करून ठेवावा. ‘डॉकर --काँटेक्स्ट मुख्य पीएस’ दिल्यावर सर्व्हरवरच्या कंटेनरांची यादी लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये येते. पडद्यामागे क्लायंट एसएसएचने सर्व्हरवर जातो, तेथे ‘डॉकर सिस्टिम डायल-एसटीडीआयओ’ ही कमांड चालवतो आणि तिच्यातून सॉकेट फाइलपर्यंतची नळी जोडून घेतो. यावरून दोन गोष्टी ओघाने येतात. सर्व्हरवर ‘डॉकर’ कमांडसुद्धा असावी लागते, नुसता डीमन पुरत नाही. आणि आत गेल्यावर सगळे चालते पण काँटेक्स्टमधून चालत नाही, असे झाले तर ‘एसएसएच ग्रंथ-मुख्य डॉकर व्हर्जन’ देऊन पाहावे, म्हणजे दोष वाटेत आहे की परवानगीत, ते कळते.

‘डॉकर काँटेक्स्ट यूज मुख्य’ अशीही एक कमांड आहे. ती दिल्यावर त्या लॅपटॉपवरच्या प्रत्येक टर्मिनलमधली प्रत्येक डॉकर कमांड सर्व्हरवर जाऊ लागते, आणि यंत्र बंद करून सुरू केले तरी ही निवड तशीच राहते. ही कमांड मी वापरत नाही, आणि नवीन माणसाला वापरूही देत नाही. त्यामागे घडलेली गोष्ट आहे.

वाचनालयाचे काम सुरू होते त्या काळात एका सकाळी मुख्य सर्व्हरचे लॉग पाहण्यासाठी मी ‘यूज मुख्य’ केले होते. दुपारी जेवून आल्यावर त्याच टर्मिनलमध्ये चाचणीचा विदा पुसून नव्याने भरायचा म्हणून ‘डॉकर कंपोज डाउन --व्हॉल्यूम्स’ दिले. एकेक कंटेनर थांबल्याच्या ओळी येत गेल्या. डेटाबेसला थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. चाचणीचा डेटाबेस रिकामा, तो लगेच थांबायचा. ही गोष्ट मनात येईपर्यंत शेवटची ओळ आली होती, व्हॉल्यूम काढून टाकल्याची. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून सूची परत उभी राहिली. त्या दिवशीची देवघेव मात्र ग्रंथपालबाईंनी कागदी नोंदवहीतून एकेक ओळ वाचून दाखवली आणि मी संध्याकाळी उशिरापर्यंत भरत बसलो. त्या एकही शब्द बोलल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागले.

तेव्हापासून चालू काँटेक्स्ट कायम लॅपटॉपचाच, म्हणजे ‘डिफॉल्ट’, ठेवायचा आणि सर्व्हरसाठी दर वेळी ‘--काँटेक्स्ट’ स्पष्ट लिहायचे, ही शिस्त मी पाळतो. संशय आलाच तर ‘डॉकर काँटेक्स्ट एलएस’ द्यावे. चालू काँटेक्स्टच्या नावापुढे तारा दिसतो. मात्र ‘डॉकर_होस्ट’ हा पर्यावरणातला चल, जो मोठ्या अक्षरांत लिहितात, कोठे लावलेला असेल, तर ‘यूज’ने केलेल्या निवडीवर तो कुरघोडी करतो. म्हणून तो शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कधीच लिहून ठेवू नये.

कोणती गोष्ट कोठे घडते

काँटेक्स्ट वापरू लागल्यावर काही गोष्टी लॅपटॉपवर घडतात आणि काही सर्व्हरवर, आणि ही विभागणी डोळ्यांनी दिसत नाही.

कंपोजची फाइल लॅपटॉपवरून वाचली जाते. तीत लिहिलेले डिरेक्टरीचे मार्ग मात्र सर्व्हरवर शोधले जातात. समजा, फाइलमध्ये ‘./एन्जिनएक्स.कॉन्फ’ ही फाइल कंटेनरमध्ये जोडायला सांगितली आहे. क्लायंट तिचा लॅपटॉपवरचा पूर्ण मार्ग काढतो आणि सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरवर त्या मार्गावर काहीच नसते, म्हणून डीमन तेथे त्या नावाची रिकामी डिरेक्टरी तयार करतो आणि ती डिरेक्टरी फाइलच्या जागी जोडायचा प्रयत्न करतो. मग ‘नॉट अ डिरेक्टरी’ अशी तक्रार येते. लॅपटॉपवर ती फाइल डोळ्यांसमोर असते, त्यामुळे तक्रारीचा अर्थच लागत नाही. सर्व्हरवर जाऊन पाहिले की आपल्या लॅपटॉपवरच्या घरच्या डिरेक्टरीचा सगळा मार्ग तेथे जसाच्या तसा तयार झालेला आढळतो, आणि त्याच्या टोकाला ती रिकामी डिरेक्टरी. उपाय असा की मांडणीच्या फाइली इमेजमध्येच घालाव्यात किंवा सर्व्हरवर आधी नेऊन ठेवून त्यांचा तेथला पूर्ण मार्ग लिहावा; टिकवायचा विदा नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्येच ठेवावा.

इमेज बांधताना याच्या उलट घडते. ‘डॉकर बिल्ड’साठी लागणाऱ्या फाइली लॅपटॉपवरून एसएसएचच्या नळीतून सर्व्हरवर जातात आणि बांधणी तेथे होते. ‘.डॉकरइग्नोर’ फाइलमध्ये ‘.गिट’ आणि ‘नोड_मॉड्यूल्स’सारख्या डिरेक्टऱ्या वगळल्या नाहीत, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून शेकडो मेगाबाइट वर चढवत बसावे लागते. इमेज लॅपटॉपवर बांधून रजिस्ट्रीमार्गे, म्हणजे इमेज ठेवण्याच्या कोठारामार्गे, नेत असाल, तर प्रोसेसरची जात पाहावी. अ‍ॅपलच्या एम मालिकेतील मॅकवर बांधलेली इमेज आपोआप एआरएम६४ची होते आणि एएमडी६४च्या सर्व्हरवर ती ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन बंद पडते. बांधतानाच ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ सांगावे.

घड्याळाचेही तसेच आहे. कंटेनरमधली वेळ सांगितल्याशिवाय यूटीसीच असते आणि ‘--टाइमस्टँप्स’ लावून पाहिलेल्या लॉगमधली वेळही यूटीसीच असते. भारतीय वेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. सकाळी दहाला आलेली तक्रार लॉगमध्ये साडेचारपाशी शोधावी लागते. वेळ बदलण्यापेक्षा वजाबाकी करायची सवय लावून घेतलेली बरी, कारण सर्व्हर, डेटाबेस आणि कंटेनर यांची घड्याळे एकाच मापाची राहतात.

रोजचे काम

‘पीएस’ चालू कंटेनर दाखवते आणि ‘पीएस -ए’ थांबलेलेही. थांबलेल्या कंटेनरपुढे कंसात जो आकडा असतो तो आधी वाचावा. ० म्हणजे काम संपवून थांबला. १३७ म्हणजे त्याला बाहेरून जबरदस्तीने मारले. १२८ मध्ये मारण्याच्या सिग्नलचा क्रमांक ९ मिळवून हा आकडा होतो. लहान सर्व्हरवर याचे नेहमीचे कारण मेमरी संपणे हे असते, आणि ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएमकिल्ड’ समोर ‘ट्रू’ दिसले की खात्री पटते. दुसरे कारण म्हणजे ‘डॉकर स्टॉप’ला प्रोग्रॅमने दाद न देणे : डॉकर आधी सभ्यपणे थांबायला सांगतो, १० सेकंद वाट पाहतो, मग मारतो. डेटाबेसला आवरायला याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून त्याच्यासाठी मुदत वाढवून ६० सेकंद तरी ठेवावी.

लॉग पाहताना सगळे लॉग मागू नयेत. ‘डॉकर --काँटेक्स्ट मुख्य लॉग्स --टेल १०० -एफ वेब’ असे शेवटच्या शंभर ओळींपासून पाहावे. कंटेनरच्या आत डोकावण्यासाठी ‘एक्झेक -आयटी वेब एसएच’ आहे. आत जाऊन केलेला बदल कंटेनर नव्याने तयार झाला की नाहीसा होतो, तेव्हा आत जायचे ते फक्त पाहण्यासाठी. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर कंटेनरही आपोआप उठावेत म्हणून कंपोजच्या फाइलमध्ये ‘रिस्टार्ट’पुढे ‘अनलेस-स्टॉप्ड’ लिहावे.

डॉकर मूळ मांडणीत लॉगच्या फाइलींना कोणतीही मर्यादा घालत नाही. बडबड्या प्रोग्रॅमचे लॉग काही महिन्यांत डिस्क भरून टाकतात आणि डिस्क भरली की पहिला बळी डेटाबेसचा जातो. ‘/ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन’ मध्ये ‘लॉग-ऑप्ट्स’खाली ‘मॅक्स-साइझ’ १० मेगाबाइट आणि ‘मॅक्स-फाइल’ ३ अशी मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी. डीमन पुन्हा सुरू केल्यानंतर तयार झालेल्या कंटेनरांनाच ती लागू होते. आधीचे कंटेनर नव्याने तयार करावे लागतात.

जागेचा हिशेब ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ दाखवते. सर्वांत सुरक्षित सफाई ‘डॉकर इमेज प्रून’ची, जी नाव न उरलेल्या जुन्या इमेज काढते. ‘सिस्टिम प्रून’ थांबलेले कंटेनरही काढते, आणि तिला ‘--व्हॉल्यूम्स’ जोडले की कोणत्याही कंटेनरच्या वापरात नसलेले बेनामी व्हॉल्यूमही जातात. दूरच्या सर्व्हरवर ‘व्हॉल्यूम’ हा शब्द असलेली कोणतीही पुसणारी कमांड देण्याआधी काँटेक्स्टचे नाव मोठ्याने वाचावे.

पोर्ट आणि बोगदा

उबुंटूवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावली, २२, ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट उघडे ठेवले, की माणूस निर्धास्त होतो. परंतु डॉकर प्रसिद्ध केलेल्या पोर्टांसाठी स्वतःचे आयपीटेबल्सचे नियम लिहितो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोहोचण्याआधीच कंटेनरकडे वळते. कंपोजमध्ये ‘५४३२:५४३२’ लिहिले की फायरवॉल काहीही म्हणत असली तरी डेटाबेस साऱ्या जगाला खुला होतो. बाहेरून दिसायलाच हवा असा पोर्ट सोडून बाकी सगळ्यांपुढे ‘१२७.०.०.१:’ लावावे, म्हणजे तो पोर्ट सर्व्हरच्या आतूनच पोहोचण्याजोगा राहतो. ‘वेब’ आणि ‘डेटा’ एकाच कंपोज फाइलमध्ये असतील, तर ते आपसांतल्या नेटवर्कवर नावानेच बोलतात, त्यांच्यासाठी पोर्ट प्रसिद्ध करण्याची गरजच नसते.

लॅपटॉपवरच्या साधनातून डेटाबेस पाहायचा असेल, तर मात्र त्याचा पोर्ट ‘१२७.०.०.१:५४३२:५४३२’ असा प्रसिद्ध करून एसएसएचचा बोगदा करावा : ‘एसएसएच -एल १५४३२:१२७.०.०.१:५४३२ ग्रंथ-मुख्य’, ज्यात पर्यायाचे एल अक्षर मोठे. मधला १२७.०.०.१ हा सर्व्हरच्या नजरेतून आहे, लॅपटॉपच्या नाही. हे टर्मिनल उघडे असेपर्यंत लॅपटॉपच्या १५४३२ पोर्टवर सर्व्हरवरचा डेटाबेस हजर असतो, आणि बंद केल्यावर ‘कंट्रोलपर्सिस्ट’ची मुदत संपली की रस्ता मिटतो. लॅपटॉपकडे मुद्दाम वेगळा पोर्ट घेतला आहे. दोन्हीकडे ५४३२ ठेवले, तर लॅपटॉपवरचा स्वतःचा पोस्टग्रेस आणि सर्व्हरवरचा यांत कधी ना कधी गल्लत होते.

शेवटची पायरी : प्रत आणि तिची परीक्षा

व्हॉल्यूम म्हणजे प्रत नव्हे. सर्व्हर गेला की तोही गेला. डेटाबेसची प्रत घेण्यासाठी ‘डॉकर --काँटेक्स्ट मुख्य एक्झेक डेटा पीजी_डंप’, पुढे ‘-यू’ आणि वापरकर्ता, ज्यात यू मोठा, मग डेटाबेसचे नाव आणि शेवटी मोठ्यापेक्षाचे चिन्ह देऊन फाइलचे नाव लिहावे. येथे पुन्हा तोच प्रश्न येतो. ‘पीजी_डंप’ सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये चालतो. पण मोठ्यापेक्षाचे चिन्ह लॅपटॉपचा शेल वाचतो, म्हणून फाइल लॅपटॉपवर तयार होते. एका कमांडमध्ये प्रत सर्व्हरबाहेर आली. या कमांडला ‘-टी’ लावू नये, कारण त्यामुळे टर्मिनलचा आव आणला जातो आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर घुसते.

महिन्यातून एकदा ती प्रत चाचणीच्या सर्व्हरवर उतरवून पाहावी. ‘डॉकर --काँटेक्स्ट चाचणी एक्झेक -आय डेटा पीएसक्यूएल’, पुढे तसेच ‘-यू’, वापरकर्ता आणि डेटाबेसचे नाव लिहून लहानपेक्षाच्या चिन्हाने फाइल पुरवली की ती रिकाम्या डेटाबेसमध्ये भरली जाते. येथे ‘-आय’ हवाच, नाहीतर फाइल आत पोहोचत नाही आणि चूकही दिसत नाही. मग पुस्तकांच्या आणि देवघेवीच्या तक्त्यांतल्या ओळी मोजाव्यात, देवघेवीच्या शेवटच्या नोंदीची तारीख पाहावी, आणि मुख्य सर्व्हरवर प्रत घेतली त्या वेळी मोजून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे.